वेक स्टिअरिंगवर प्रबंध करायचाय? आधी नॅसेलची उत्तर दिशा तपासा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक.चं शेवटचं वर्ष, हातात आठ महिने. देवासच्या बाजूच्या एका विंड फार्मचा वर्षभराचा दहा-मिनिटी स्काडा डेटा (मशीनने स्वतः नोंदवलेल्या मोजमापांची दहा-दहा मिनिटांची आकडेवारी) मिळायची शक्यता आहे. विद्यार्थ्याला वेक स्टिअरिंग करायचंय, म्हणजे पुढचं टर्बाइन वाऱ्यापासून मुद्दाम थोडं तिरकं करून त्याची वेक, म्हणजे मागे उरणारा मंद, घुसळलेला वारा, मागच्या टर्बाइनवरून बाजूला सारायची. गाईड सरांचा कल मात्र फझी लॉजिकच्या (काटेकोर सूत्राऐवजी ढोबळ नियमांवर चालणाऱ्या) एमपीपीटीकडे, म्हणजे प्रत्येक वाऱ्यात जास्तीत जास्त पॉवर काढणाऱ्या कंट्रोलकडे आहे. कोणता विषय घ्यावा, आणि सुरुवात कुठून करावी?

विषय दोन्ही चालतील, पण दोन्हींत कंट्रोलर हा सगळ्यात सोपा भाग आहे. डेटा खरा आहे का आणि तुलना कशाशी करताय, यावर प्रबंध उभा राहतो किंवा कोसळतो.

एमपीपीटीचं आधी आटोपतो. रेटेडच्या (पूर्ण क्षमतेची पॉवर मिळू लागते त्या वेगाच्या) खालच्या वाऱ्यात मोठं मशीन एक साधा नियम पाळतं: जनरेटर टॉर्क म्हणजे एक स्थिरांक गुणिले रोटरच्या गतीचा वर्ग. तो स्थिरांक हवेची घनता, रोटरच्या त्रिज्येचा पाचवा घात आणि कमाल सीपी (वाऱ्यातल्या ऊर्जेचा रोटर घेतो तो हिस्सा) यांच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या सीपीला लागणाऱ्या टिप-स्पीड रेशोच्या (ब्लेडच्या टोकाची गती भागिले वाऱ्याचा वेग) घनाने भागला जातो. वाऱ्याचा वेग मोजावाच लागत नाही, हीच त्यातली खुबी. आता समजा कंपनीने तो स्थिरांक समुद्रसपाटीच्या १.२२५ किलो प्रति घनमीटर घनतेला धरून लावला. माळव्यात सुमारे ६०० मीटर उंचीवर, ३० अंश तापमानाला घनता १.०८ च्या आसपास असते. म्हणजे स्थिरांक जवळपास १३ टक्के जास्त झाला आणि रोटर हवा त्यापेक्षा साधारण ४ टक्के हळू फिरला. पण सीपीच्या वक्राचा माथा सपाट असतो, त्यामुळे नुकसान एक टक्काही होत नाही. चांगल्या आधुनिक रोटरचा सीपी ०.४५ ते ०.५० असतो आणि बेट्झची मर्यादा, म्हणजे सैद्धांतिक कमाल, ५९.३ टक्के. खरवडून काढायला फारसं उरलेलंच नाही. तेव्हा फझीने आठ-दहा टक्के फायदा दाखवणारा प्रबंध हाती आला, तर तुलनेला घेतलेला जुना कंट्रोलर नीट ट्यून केलेला नव्हता, असं खुशाल समजा.

सोलरमधून उचललेली ‘जरा हलवा आणि बघा’ ही पद्धत तर मोठ्या रोटरला लागूच पडत नाही. पॅनेल मिलिसेकंदांत उत्तर देतं. मेगावॉटच्या मशीनला नव्या गतीवर स्थिरावायला दहा-वीस सेकंद तरी जातात आणि तेवढ्यात वारा बदललेला असतो. मग अल्गोरिदम वाऱ्याच्या झोताचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि चुकीच्या दिशेला सरकतो.

सरांचा मान राखायचा असेल तर याचं एक प्रकरण जरूर करा, पण पाया पक्का घ्या. एनआरईएल या अमेरिकी प्रयोगशाळेचं ५ मेगावॉटचं संदर्भ टर्बाइन (रोटर १२६ मीटर, हब ९० मीटर, रेटेड वारा ११.४ मीटर प्रति सेकंद, रेटेड गती १२.१ आरपीएम) ओपनफास्ट या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये चालवा आणि तुलनेला रॉस्को हा खुला कंट्रोलर ठेवा. त्याच्यावर फझीने अर्धा टक्का जरी मिळवला तरी ते प्रामाणिक काम आहे.

आता फार्म कंट्रोल. विषयपत्रिका जमा करण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा आणि या फार्मवर मिळवण्यासारखं काही आहे का, ते बघा. टर्बाइनचे अक्षांश-रेखांश घ्या, प्रत्येक जोडीचं अंतर रोटरच्या व्यासात (डी मध्ये) मोजा आणि त्यावर वाऱ्याचा गुलाब (कोणत्या दिशेने किती वारा येतो त्याचा आलेख) ठेवा. माळव्याच्या पठारावर मशीन बहुधा टेकडीच्या धारेवर, मोसमी वाऱ्याला आडवी ओळ धरून उभी असतात. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा याच चार महिन्यांत तयार होतो. या वाऱ्यात ओळीतली मशीन एकमेकांच्या वेकमध्ये येतच नाहीत, वेक टेकडीपलीकडे निघून जाते. शिवाय वारा रेटेडच्या वर गेला की पुढचं टर्बाइन पिच करून, म्हणजे ब्लेड स्वतःभोवती वळवून, जोर सोडून देतं आणि मागच्यालाही पुरेसा वारा पोचतो, त्यामुळे वेकचं नुकसान जवळपास नाहीसं होतं. उरतात ते ओळीला समांतर वाहणाऱ्या, ५ ते ९ मीटर वेगाच्या वाऱ्याचे तास. ते वर्षाला तीनशे निघाले तर वार्षिक फायद्याचं स्वप्न सोडा आणि प्रबंधाचं नाव ‘वेक नुकसानीचं मोजमाप’ असं ठेवा. त्यातही पुष्कळ काम आहे, आणि माझ्या मते ते जास्त उपयोगाचं आहे.

वेक किती खाते याचा अंदाज जेन्सनच्या मॉडेलने कागदावर काढता येतो. अंतर ५ डी, थ्रस्ट गुणांक (रोटर वाऱ्याला किती अडवतो ते) ०.८, आणि जमिनीवर सर्रास घेतला जाणारा वेक-विस्तार गुणांक ०.०७५ धरा. मागच्या टर्बाइनला वारा १८ टक्के कमी मिळतो, म्हणजे पॉवर सुमारे ४५ टक्के कमी. हाच गुणांक ०.०४ केला, शांत रात्री हवेचे थर घुसळत नाहीत तेव्हा असतो तसा, तर वारा २८ टक्के कमी आणि पॉवर ६३ टक्के कमी. टर्बाइन तीच, दिशा तीच, पण दुपार आणि रात्र यांत एवढा फरक. म्हणून वर्षभराची सरसकट सरासरी काढू नका. दिवस-रात्र वेगळं करा, जमल्यास टर्ब्युलन्स इंटेन्सिटीनेही वेगळं करा. दहा मिनिटांतल्या वाऱ्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला सरासरीने भागलं की ती मिळते. नॅसेलवरून (टॉवरच्या माथ्यावरच्या, जनरेटर असलेल्या पेटीवरून) काढलेला हा आकडा खरा नसतो, पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडायला पुरतो.

डेटा मागताना एकदाच नीट यादी द्या, कारण दुसऱ्यांदा कोणी देत नाही. प्रत्येक टर्बाइनची ॲक्टिव्ह पॉवर, नॅसेलवरच्या ॲनिमोमीटरचा वेग, विंड वेनचा (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पात्याचा) सापेक्ष कोन, नॅसेल पोझिशन (नॅसेलचं तोंड किती अंशांवर आहे ते), तिन्ही ब्लेडचे पिच कोन, रोटर आणि जनरेटर आरपीएम, बाहेरचं तापमान, स्टेटस कोड आणि पॉवर सेट-पॉइंट (मशीनला नेमून दिलेली पॉवर). पहिल्या चारांची सरासरी, किमान, कमाल आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. सोबत अलार्म लॉग. स्टेटस आणि सेट-पॉइंट नसतील तर बाकीचं घेऊन उपयोग नाही, कारण कमी पॉवर वेकमुळे होती की ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरने उत्पादन कमी करायला सांगितल्यामुळे, हे मग कधीच कळणार नाही. एक सेकंदाचा डेटा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण या कामाला तो आवश्यक नाही. ५ डी म्हणजे ५०० मीटर धरलं तर ८ मीटरच्या वाऱ्यात वेकला तिथवर पोचायला एक-सव्वा मिनिट लागतं, त्यामुळे दहा मिनिटांची सरासरी चालून जाते. पिच कंट्रोल ट्यून करणं मात्र या डेटावर अशक्य आहे, तो नाद करू नका.

वर्षभरात एका टर्बाइनच्या ५२,५६० नोंदी होतात. त्यातल्या पाचव्या हिश्श्यापर्यंत गळाल्या तरी घाबरू नका. सर्वात आधी घड्याळ तपासा. नोंदीवरची वेळ दहा मिनिटांच्या सुरुवातीची आहे की शेवटची? भारतीय वेळ की यूटीसी? साडेपाच तासांचा फरक म्हणजे तेहतीस नोंदी सरकल्या. तापमानाची रोजची सरासरी रेषा काढा. माथा दुपारी अडीच-तीनला न येता सकाळी नवाच्या सुमारास आला तर डेटा यूटीसीत आहे. अलार्म लॉगचं घड्याळ निराळं असू शकतं, तेही याच वेळी जुळवा.

पुढे, सलग सहा नोंदींत वाऱ्याचा वेग दशांशापर्यंत तोच असेल तर सेन्सर अडकलाय. पॉवर रेटेडच्या खाली आहे आणि पिच दोन-तीन अंशांच्या वर गेलाय, तर ते कर्टेलमेंट किंवा डीरेटिंग, म्हणजे मुद्दाम कमी केलेलं उत्पादन, त्या नोंदी काढून टाका. दिशेची सरासरी नेहमी साइन-कोसाइनने काढा. ३५० आणि १० अंशांची सरासरी साधी काढली तर १८० येते, आणि ही चूक छापील प्रबंधांतही सापडते. पॉवर कर्व्ह काढताना वेगाला घनतेची दुरुस्ती द्या, म्हणजे घनतेच्या गुणोत्तराच्या घनमुळाने गुणा. १.०८ घनतेला ८ मीटरचा वारा हा प्रमाणित ७.६७ मीटरचा होतो. ०.५ मीटरच्या बिनमध्ये (गटात) एवढ्या फरकाने नोंदीचा बिनच बदलतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे जवळजवळ सगळे काणाडोळा करतात. नॅसेल पोझिशनचं शून्य खऱ्या उत्तरेला असेलच, याची काही खात्री नाही. मशीन वाऱ्याकडे तोंड करतं ते वेनच्या सापेक्ष कोनावरून, त्याला उत्तर कुठे आहे याच्याशी काही घेणं नसतं. उभारणीच्या वेळी शून्य अंदाजाने लावलेलं असतं, पुढे एन्कोडर बदलला, यॉ ड्राइव्हचं (नॅसेल फिरवणाऱ्या यंत्रणेचं) काम निघालं की ते पुन्हा सरकतं. दहा-वीस अंशांचा फरक सहज निघतो, आणि मशीन उत्तम चालत असल्यामुळे साइटवर कोणाच्या ते लक्षातही येत नाही. पण वेक स्टिअरिंगचा सगळा खेळच वीस अंशांचा. उत्तरच पंधरा अंशांनी चुकली असेल तर तुमचा कंट्रोलर वेक नसलेल्या दिशेत टर्बाइन तिरकं करून फुकट वीज घालवेल.

दुरुस्ती डेटातूनच होते. टर्बाइन अ आणि ब अशी जोडी घ्या, अंतर ३ ते ८ डी. अक्षांश-रेखांशांवरून ब पासून अ कडे पाहणारी खरी दिशा काढा, समजा २४८ अंश. वारा अ च्या बाजूने आला की ब वेकमध्ये. अ ला मोकळा वारा मिळत असताना, वेग ५ ते ९ मीटर असलेल्या नोंदी घ्या आणि ब च्या पॉवरला अ च्या पॉवरने भागा. अ च्या नॅसेल पोझिशनच्या दोन-दोन अंशांच्या बिनमध्ये या गुणोत्तराचा मध्यक मांडा. एक स्पष्ट खड्डा दिसेल. जेन्सनच्या हिशेबाने ५ डी वर तो दोन्ही बाजूंना साधारण पंधरा-पंधरा अंश पसरलेला असतो. त्यावर गॉसियन वक्र बसवून तळ काढा. तळ २६१ वर आला तर अ चं शून्य १३ अंशांनी चुकलंय. एका टर्बाइनला दोन-तीन शेजारी असतील तर सगळ्या जोड्यांवरून करा, उत्तरं दोन-तीन अंशांच्या आत जुळायला हवीत.

हेच महिन्या-महिन्याने वेगळं करून बघा. आलेखात एखाद्या महिन्यात पायरी दिसली तर अलार्म लॉगमध्ये त्या आठवड्यात यॉचं काम निघालेलं सापडेल, आणि पायरीच्या आधी-नंतर वेगवेगळी दुरुस्ती द्यावी लागेल. शेजारी नसलेलं एकटं टर्बाइन असेल तर दुरुस्त झालेल्या टर्बाइनशी त्याच्या नॅसेल पोझिशनचा फरक काढा. दोघांमध्ये टेकडीचा मोठा उठाव नसेल आणि वारा ६ मीटरच्या वर असेल, तर हा फरक बऱ्यापैकी स्थिर राहतो.

याला जोडूनच वेनची चूक येते, पण ती वेगळी गोष्ट आहे. वेन स्वतःच पाच अंश तिरकी बसवलेली असेल तर मशीन आयुष्यभर पाच अंश तिरकं उभं राहतं. तिरकेपणाचं नुकसान कोसाइनच्या वर्ग ते घनाच्या दरम्यान धरतात: ५ अंशांना सुमारे १ टक्का, १० अंशांना ३ ते साडेचार टक्के. वेनच्या कोनानुसार बिन करून पॉवरचा माथा शून्यावर येतो का ते पाहणं, ही स्काडावरून करायची नेहमीची युक्ती. तिच्यात मेख ही, की ॲनिमोमीटर रोटरच्या मागे बसवलेला असतो आणि मशीन तिरकं झालं की त्याचं वाचनही बदलतं. म्हणून वेग शेजारच्या मोकळ्या टर्बाइनचा घ्या. पक्का पुरावा हवा तर नॅसेल लिडारच (लेझरने समोरचा वारा मोजणारं उपकरण) लागतो.

टेकडीवरच्या फार्ममध्ये आणखी एक अडचण असते. ब टर्बाइन अ पेक्षा उंचावर असेल तर वेक नसतानाही गुणोत्तर एक येत नाही. मग वेकने नक्की किती खाल्लं हे कसं ठरवायचं? यासाठी एक प्रयोग निसर्गाने नव्हे, मेंटेनन्सवाल्यांनी तुमच्यासाठी करून ठेवलेला असतो. अ सर्व्हिसिंगला किंवा बिघाडाने बंद असतं तेव्हा त्याचे ब्लेड फेदर केलेले, म्हणजे पिच ९० अंशांच्या आसपास असतो आणि वेक जवळपास नसते. त्याच दिशेत मोकळा वारा मिळणारं तिसरं टर्बाइन क संदर्भ म्हणून घ्या. ब आणि क यांच्या पॉवरचं गुणोत्तर अ चालू असताना किती आणि बंद असताना किती? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वेकचं खरं नुकसान, टेकडीचा परिणाम आपोआप वजा झालेला.

जपायचं ते इथे: टर्बाइन यदृच्छेने बंद पडत नाहीत. ठरवलेलं मेंटेनन्स कमी वाऱ्याच्या दिवशी आणि दिवसाउजेडी होतं. ३३ केव्ही फीडर गेला तर सगळी मशीन एकदम बंद होतात, त्या नोंदी निरुपयोगी. म्हणून ‘बंद’च्या प्रत्येक नोंदीसाठी ‘चालू’ची नोंद निवडताना दिशा, क चा वेग आणि दिवसाचा तास हे तिन्ही जुळवा. दिशेचे बिन इथे पाच अंशांचे ठेवा, कारण नोंदी कमीच मिळतात. एका बिनमध्ये तीस नोंदी नसतील तर शेजारचा बिन मिसळा.

हे झालं की मगच मॉडेल. एनआरईएलचं फ्लोरिस हे वेकचा हिशेब करणारं पायथॉनमधलं खुलं साधन साध्या लॅपटॉपवर चालतं. मूळ जेन्सन मॉडेलमध्ये वेक वळतच नाही, त्यामुळे गॉसियन मॉडेल घ्या. मॉडेलचे गुणांक तुमच्या मोजलेल्या खड्ड्यांवर बसवा. मुळातले जसेच्या तसे वापरले तर तो प्रबंध कोणत्याही फार्मचा असू शकतो. लार्ज-एडी सिम्युलेशनच्या (हवेतले मोठे भोवरे थेट सोडवणाऱ्या जड गणिताच्या) वाटेला जाऊ नका, क्लस्टरशिवाय आठ महिन्यांत निष्पन्न काही होणार नाही.

फायद्याचा हिशेब आधी हाताने करून बघा. अ २० अंश तिरकं केलं, वर्गाचा नियम धरला, तर त्याची पॉवर १ वरून ०.८८ वर येते. वेक बाजूला सरकते ती ५ डी वर फक्त पाव डी च्या आसपास, १०० मीटरच्या रोटरला २५ मीटर. वरच्या जेन्सनच्या हिशेबाने ब आधी ०.५५ वर होतं. एकूण १.५५ होते, म्हणजे बरोबरी साधायलाच ब ला ०.६७ वर जावं लागतं. वेक गाढ असलेल्या रात्री ते जमतं, भर दुपारी बहुधा नाही. वारा नेमका ओळीत असेल तर कोणत्या बाजूला तिरकं करायचं हाही प्रश्न असतो. मॉडेल म्हणतं तितक्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, लोडच्या (ब्लेड-टॉवरवर येणाऱ्या ताणाच्या) बाबतीत तर नाहीतच. ऑप्टिमायझरला दिशा अचूक दिली की तो एका अंशाच्या फरकावर +२० वरून –२० वर उडी मारणारं टेबल काढतो. प्रत्यक्षात यॉ अंशाच्या काही दशांश प्रति सेकंद गतीने फिरतो आणि मोजलेली दिशा तीन ते पाच अंश हलत असते. म्हणून दिशेत तेवढी अनिश्चितता धरूनच ऑप्टिमाइझ करा आणि टेबलाला हिस्टेरेसिस द्या, म्हणजे दिशा जराशी हलली की लगेच कोन बदलायचा नाही. फायदा आकड्यात कमी दिसेल, पण टिकेल. साइटवर हा ऑफसेट लावताना नॅसेलला थेट कोन सांगत नाहीत, वेनच्या सिग्नलमध्ये तेवढे अंश मिळवतात, म्हणजे मूळ यॉ लॉजिक आणि केबल-ट्विस्टचं संरक्षण जसंच्या तसं राहतं.

लोडचं एक छोटं प्रकरण पुरे. टर्बसिममधून (कृत्रिम वारा बनवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वेगाला सहा सीड, म्हणजे सहा वेगळे यादृच्छिक वारे, पहिली साठ सेकंदं सोडून द्यायची, रेनफ्लो मोजणी (ताणाची आवर्तनं मोजायची पद्धत), थकव्याचा घातांक ब्लेडच्या मुळाशी १० आणि पोलादी टॉवरला ४.

निकाल किती यावा? भारतातलंच उदाहरण आहे. मायकेल हाउलंड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर एनर्जी’त वायव्य भारतातल्या एका व्यावसायिक फार्मवरचे अनेक महिन्यांचे प्रयोग मांडले. मॉडेलवर आधारलेल्या वेक स्टिअरिंगने, अभ्यासासाठी निवडलेल्या दिशांत, ६ ते ८ मीटरच्या वाऱ्यात ऊर्जा ३.० टक्के (±०.७) वाढली, सगळे वेग धरून १.२ टक्के (±०.४). एकेक दिशा सुटी घेऊन पॉवर मोजली तर त्याच मशीनना ११ ते ३२ टक्के फायदा दिसला होता. हे दोन प्रकारचे आकडे एकाच वाक्यात मिसळले की परीक्षक पकडतात, आणि पकडायलाच हवं. तुमच्या टेकडीवर ०.३ टक्के आले तरी लाजू नका, पण त्यासोबत अनिश्चितता द्या. बूटस्ट्रॅप (नोंदी पुन्हा पुन्हा चिठ्ठीने उचलून अनिश्चितता काढणं) करताना दहा-मिनिटी नोंदी सुट्या उचलू नका, पूर्ण दिवसच्या दिवस उचला. शेजारच्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात, आणि सुट्या उचलल्या तर एरर बार खोटा बारीक येतो.

कंपनीशी करार करताना छापण्याची परवानगी आधीच लिहून घ्या. पॉवर रेटेडच्या टक्क्यांत आणि जागा एका टर्बाइनपासूनच्या मीटरमध्ये दाखवू, असं म्हटलं की बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. दोन महिन्यांत डेटा आला नाही तर वाट बघत बसू नका. झेनोडो या खुल्या डेटा-साठ्यावर इंग्लंडमधल्या केलमार्श फार्मचा सहा टर्बाइनचा काही वर्षांचा दहा-मिनिटी डेटा स्टेटस लॉगसकट खुला आहे, स्कॉटलंडच्या पेनमनशीलचाही आहे. उत्तर दिशेची दुरुस्ती, बंद-चालूची तुलना आणि फ्लोरिस हे सगळं त्यावर तसंच होतं. कोड केलमार्शवर लिहून ठेवा. देवासचा डेटा नंतर आलाच तर फाइलचे कॉलम, कोऑर्डिनेट्स आणि पॉवर कर्व्ह तेवढे बदलायचे.